छपरावर न पोहोचलेला दात

मित्रांनो, काचेच्या पेटीत ठेवलेली वस्तू फार थोर असणार, असे तुम्हाला वाटत असेल. मला पाहायला येणारी मुलेही काचेला नाक लावून उभी राहतात आणि जाताना वाकून नमस्कार करतात. दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

मी एक जुना पिसांचा कुंचा आहे. रानहंसाची तीन पिसे, वीतभर बांबूची मूठ आणि काळ्या दोऱ्याचे वेढे, एवढाच माझा जीव. माझ्या खालच्या पाटीवर लिहिले आहे, 'प्रसिद्ध मांगाकार तोकिए कुवानो यांनी आयुष्यभर वापरलेला कुंचा'. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. लिहिले आहे ते खरे आहे. लिहिले नाही ते आज तुम्हाला सांगतो.

तोकिएचे बाबा समुद्राकाठच्या गावात घड्याळे दुरुस्त करीत. हिवाळ्यात भाताच्या खाचरांत रानहंस उतरत. त्यांची गळलेली पिसे गोळा करून बाबांनी मला बांधले. त्यांच्या बाकावरची धूळ मी झाडत असे. लेक चित्रकथा काढायला तोक्योला निघाली, तेव्हा बाबा आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. "डोळे बशीएवढे आणि नाक टिंबाएवढं! असली माणसं कुठे असतात का?" असे म्हणत राहिले. पण गाडी सुटायच्या वेळी त्यांनी कोटाच्या खिशातून मला काढले.

"हे घे. चित्रावर हात फिरवू नकोस. हाताला घाम असतो, शाई पसरते. पिसाला घाम येत नाही. आणि झाडण्याआधी एकदा बघायचं. एवढासा स्क्रू उडाला की अख्खं घड्याळ बंद पडतं."

"बाबा, चित्रांत कुठले आलेत स्क्रू?"

"असतील काहीतरी. बघायचं."

तोक्योत, नेरिमा भागातल्या एका कौलारू घरात मी तिच्या मेजावर राहू लागलो. मेज बुटके, चटईवर बसून काम करायचे. तोकिए आधी पेन्सिलीने चित्र काढी, त्यावर टाकाने शाई फिरवी आणि शाई वाळली की पेन्सिलीच्या रेघा रबराने खोडी. पानभर चुरा साचे. मग माझी पाळी. मी एकदा फिरलो की चुऱ्याखालून स्वच्छ चित्र वर येई. मित्रांनो, त्या क्षणाइतके सुख मला दुसरे कशातच मिळाले नाही.

तिला मुलगी झाली, सानाए. मुलीचे बाबा मालवाहू जहाजावर कामाला होते, वर्षातून दोनदा घरी येत. त्यामुळे सानाए मेजाच्या पायाशीच वाढली. कधी आईच्या मांडीवर डोके, कधी शाईच्या बाटलीत बोट. तिला गप्प करायला तोकिए माझी पिसे तिच्या गालांवरून फिरवी. आपल्या बाबांचा 'बघायचं' हा शब्दही तिने पाळला, पण त्याचा खेळ करून टाकला. मला उचलले की ती विचारी,

"बघ गं, काही राहिलंय का?"

सानाए हनुवटी मेजाला टेकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळे फिरवी. पोलीस तपासाला यावा तशी. कधी तिला टाकाचे टोक सापडे, कधी बिस्किटाचा तुकडा, जो ती लगेच तोंडात टाकी. मग फर्मान निघे, "काही नाही. झाड!"

ते फर्मान निघाल्याशिवाय मी हललो नाही. त्या एका दिवसापर्यंत.

तोवर तोकिएची चित्रकथा एका साप्ताहिकात येऊ लागली होती. दीपगृहात आईबरोबर राहणाऱ्या कोनामी नावाच्या मुलीची गोष्ट होती ती. देशभरातल्या मुली दर आठवड्याला तिची वाट पाहत. कामाला हाताखाली दोन मदतनीस आल्या. शेजारपाजारचेही तिला आदराने 'सेन्सेई', म्हणजे गुरू, म्हणू लागले. पाने द्यायच्या दिवशी संपादक हाताकेदा-सान, म्हणजे आपल्याकडचे हाताकेदासाहेब, सकाळपासून दारातल्या पायरीवर येऊन बसत. बूट काढायचे नाहीत, म्हणजे पाने हातात पडली की पळता येते.

"सेन्सेई, मी इथे इतका बसलोय की पोस्टमन माझी पत्रं इथेच आणून देतो," ते बाहेरून ओरडत.

"मग चहा तरी स्वतः करून घ्या," तोकिए आतून ओरडे.

असाच एक दिवस. दुपारचे तीन वाजले होते, तीन पाने बाकी होती आणि सानाए शाळेतून धावत आली. ती नुकतीच पहिलीत गेली होती.

"हाताकेदा-सान! माझा दात पडला! पावात अडकून निघाला!"

"बघू, आ कर. अरे वा! या बोगद्यातून आता आगगाडी जाईल."

सानाए खळखळून हसली आणि आत आली. पानांच्या दिवशी आत यायचे नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. म्हणून ती पाय न वाजवता आली. मुठीतला पातळ कागद तिने मेजाच्या कोपऱ्यावर उलगडून ठेवला. पांढऱ्या कागदावर तांदळाएवढा पांढरा दात.

"आई, खालचा आहे. छपरावर टाकायचा. म्हणजे नवा दात सरळ वर येतो. दोघींनी टाकायचा."

"हो गं राणी. एवढी पानं होऊ देत."

"नक्की?"

"नक्की."

"मग मी बाहेर थांबते. कुठलं कौल घ्यायचं ते ठरवून ठेवते," असे म्हणून ती अंगणात गेली.

शेवटच्या पानावरच्या पेन्सिलीच्या रेघा खोडून झाल्या, तेव्हा बाहेर हाताकेदा-सान एका पायावर नाचत होते. "सेन्सेई, छापखान्यातली माणसं माझी चटणी करतील हो!" तोकिएने मला उचलले. तिने विचारले नाही. पाहिले नाही. पान, कोपरा, मेज, सगळ्यावरून एकच लांब हात मारला.

मला कळले, मित्रांनो. रबराचा चुरा मऊ असतो, तो झाडताना काही जाणवतसुद्धा नाही. त्या दिवशी माझ्या पिसांच्या टोकाला काहीतरी कठीण, कणभर जड लागले. क्षणभर ते अडले. मी वाकलो, ताठ झालो आणि ते ढकलून दिले. खालच्या पत्र्याच्या डब्यात टक्क असा बारीक आवाज झाला. मदतनीस मुलीने नेहमीप्रमाणे तो डबा न्हाणीच्या चुलीत रिकामा केला. त्या चुलीवर त्या दिवशी अंघोळीचे पाणी तापले.

तुम्ही म्हणाल, कुंचा काय करणार, हात तर दुसऱ्याचा. मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण मी अडकून राहू शकलो असतो. एखादे पीस मोडून घेऊ शकलो असतो. पीस मोडले असते तर तिने खाली पाहिले असते.

हाताकेदा-सान पाने छातीशी धरून पळाले. सानाए आत आली.

"आता?"

तोकिएने कोपऱ्याकडे पाहिले. कोपरा लख्ख होता. तिने मेजाखाली पाहिले, डब्यात पाहिले, मग न्हाणीच्या दाराकडे पाहिले.

"टाकला की मी," ती म्हणाली. "आत्ताच, खिडकीतून. अगदी बरोब्बर छपरावर गेला."

सानाए हळूच म्हणाली, "दोघींनी म्हणाली होतीस."

"पुढच्या दाताला दोघी हं."

"आवाज नाही आला, आई. मी छपराखालीच उभी होते."

"एवढासा दात, त्याचा कसला आवाज!" असे म्हणून तोकिए हसली. त्या हसण्यापेक्षा तिने मला चुलीत टाकले असते तरी चालले असते.

पुढच्या आठवड्यात तिने मला उचलून विचारले, "बघ गं, काही राहिलंय का?"

सानाए पाटीदप्तर भरत होती. मान वर न करता म्हणाली, "तूच बघ."

बस्स. रुसवा नाही, भांडण नाही. खेळ तेवढा संपला. पुढचे दात तिने कधी पाडले, कुठे टाकले, घरात कोणाला कळले नाही. तो खालचा नवा दात मात्र जरासा तिरपा आला. दात तिरपे येतातच, त्याला छप्पर काय करणार? पण सानाए हसली की तोकिएची नजर त्या दातावर जाई आणि तिथून खाली वळे.

दोनेक वर्षांनी तोकिएने चित्रकथेत कोनामीचा दात पाडला. दीपगृहाच्या कठड्यावरून आई आणि लेक दोघी मिळून तो छपरावर टाकतात. दोघींचा एकच हात वर गेलेला, वर मोठे आकाश. ती दोन पाने पाहून लोक रडले. पत्रांची पोती आली. पुढे त्याच कथेला मोठा पुरस्कार मिळाला. हाताकेदा-सान म्हणाले, "सेन्सेई, अशी आई फक्त आईच काढू शकते." तोकिए त्या दिवशी जेवली नाही. शाळेत मुली सानाएला म्हणत, "कित्ती मज्जा आहे तुझी!" सानाए म्हणे, "हो." त्या दोन पानांवरचा चुराही मीच झाडला होता.

ती पाने आज माझ्याच पेटीत, माझ्या शेजारी लावलेली आहेत.

वर्षे गेली. सानाए परिचारिका झाली, दुसऱ्या शहरात राहू लागली. सणावाराला येई, आईला औषधे समजावून सांगे. दोघींत सगळे बोलणे होई, त्या एका गोष्टीखेरीज. तोकिएचा हात कापू लागला आणि टाक बंद झाला. माझ्यावर धूळ बसली. जो आयुष्यभर धूळ झाडत आला, त्याच्यावर! मला वाटले, बरे झाले, हीच शिक्षा.

मग गावाकडच्या वाचनालयाने प्रदर्शनात ठेवायला तिच्या वस्तू मागितल्या. सानाए आवराआवरीला आली. मेज रिकामे झाले, वर थोडी धूळ उरली. तोकिएने सवयीने मला उचलले. हात वर गेला आणि तिथेच थांबला. मग जी गोष्ट चव्वेचाळीस वर्षांत तिने पुन्हा विचारली नव्हती, ती तिने विचारली.

"बघ गं, काही राहिलंय का?"

खोके बांधणारी सानाए थबकली. दोरी खाली ठेवून ती आली. गुडघे धरत धरत चटईवर बसली. केस पिकू लागलेली ती बाई हनुवटी मेजाला टेकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहू लागली. कोपऱ्यापाशी तिचे डोळे थांबले.

"राहिलंय," ती म्हणाली. "एक दात राहिलाय."

तोकिएने मला घट्ट धरले.

"मी तो टाकला नव्हता, सानाए. मी झाडून टाकला. न बघता. आणि वर खोटं बोलले."

"माहीत आहे. मी छपराखालीच उभी होते ना."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू विचारायची थांबलीस ना. मी 'तूच बघ' म्हटलं ते एकदाच, आई. पुढच्या आठवड्यात मी वाट बघत होते."

तोकिए रडली. लहान मूल रडते तशी, तोंड उघडे टाकून. सानाएने तिचे नाक पुसले आणि म्हणाली, "पुरे आता. हाताकेदा-सान असते तर म्हणाले असते, सेन्सेई, पानं भिजतील!" रडता रडता दोघी हसल्या. सानाएचा तिरपा दात दिसला आणि या वेळी तोकिएने नजर वळवली नाही.

मग सानाएने आईच्या हातावर आपला हात ठेवला. माझ्या वीतभर मुठीवर दोन हात मावेनात, तरी मावले. "झाड," ती म्हणाली. आणि दोघींनी मिळून मला त्या मेजावरून एकदाच फिरवले.

तिने आईला माफ केले. माझे मला अजून जमलेले नाही. आजही पेटीवरून कोणी फडके फिरवले की माझ्या पिसांच्या टोकाला ते कणभर जड काहीतरी लागते.

म्हणून मित्रांनो, मला नमस्कार करू नका. त्याऐवजी एवढे करा. घाईत असाल तेव्हाच मेजाचा कोपरा आधी बघा. कोणीतरी तुमच्या भरवशावर तिथे काही ठेवून बाहेर उभे असेल. आणि तुमची आई एखाद्या दिवशी बघायला विसरली, तर तिला पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा हाक मारा. तीही वाट बघत असेल.