स्फटिकातले पाणी

तोगझानचे आकडे सहाव्या वेळीही निम्मेच आले, तेव्हा मी तिची नोंदवही टेबलावर आपटली.

"तू नेमकं करतेस तरी काय?"

"तुम्ही सांगितलंत तेच, आपाई."

"तेच केलंस तर तेच यायला हवं ना! रसायनशास्त्र आहे हे, लॉटरी नाही."

"कुठं चुकतंय ते मला कळलं असतं, तर सहाव्यांदा कशाला केलं असतं?"

पलीकडच्या टेबलावर बेइबितने हातमोजे चढवता चढवता मान वळवली. "आपाई, तिला माझे हात द्या चार दिवस. भाड्याने देतो."

"तुझे हात तुझ्याकडेच ठेव," तोगझान म्हणाली. "परवा बीकर धुतानाही दोन फोडलेत त्यांनी."

बेइबित हसला. मला हसू आले नाही. त्याने हाच प्रयोग हिवाळ्यात दोनदा केला होता आणि दोन्ही वेळा माझेच आकडे आले होते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, निम्मा वेळ फोनवर. त्याला जे जमले ते तिसऱ्या वर्षाच्या, वर्गात पहिल्या आलेल्या मुलीला जमू नये, याचा अर्थ एकच होता, आणि तो मी मागच्या बैठकीत सर्वांसमोर बोलून दाखवला होता: तोगझानचा हात कच्चा आहे.

प्रयोग अवघड नव्हता. गव्हाच्या मोडात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. दाण्यातल्या स्टार्चची ते साखर करते, आणि त्या कामासाठी त्याला थोडे कॅल्शियम लागते. कोस्तानायकडच्या एका वाणाला कापणीच्या पावसातही ओंबीवर मोड येत नाहीत. ते का, हे आमचे प्राध्यापक साबित आगाय वीस वर्षे शोधत होते; आमच्याकडे शिक्षकाला आगाय म्हणतात, शिक्षिकेला आपाई. जर्मनीतली दोन वर्षे संपवून मी अल्माटीला परतले, त्यांच्या हाताखाली पोस्टडॉक म्हणून रुजू झाले आणि आठ महिन्यांत उत्तर काढून दिले. या वाणाच्या विकराला इतर गव्हांच्या दुप्पट कॅल्शियम लागते. इतरांना एक मिलिमोल पुरते, याला दोन. दाण्यात तेवढे नसते, म्हणून मोड येत नाहीत. तो लेख चांगल्या नियतकालिकात आला. त्याच्या जोरावर आगायांना नवा प्रकल्प मिळाला, माझी नेमणूक वाढली, आणि दुप्पट का लागते हा तोगझानच्या प्रबंधाचा विषय ठरला.

आणि तोगझानला दोन मिळतच नव्हते. तिला दर वेळी एक मिळत होते, जगातल्या कुठल्याही सामान्य गव्हासारखे.

गुरुवारी विभागाची बैठक होती. कोणाला पूर्वमौखिकीला, म्हणजे अंतिम मौखिकीआधीच्या तपासणीला, बसू द्यायचे, हे त्या दिवशी ठरायचे होते. तोगझानची नोंदणी जूनमध्ये संपत होती. गुरुवारी होकार मिळाला नाही, तर वसतिगृहाची खोली सोडावी लागणार होती आणि पुढे प्रबंध पुरा करायचा तो बाहेरून, कुठल्या तरी शाळेत शिकवत. असे किती प्रबंध पुरे होतात, ते आम्ही सगळे जाणून होतो.

"उद्या सकाळी नऊला," मी तिला म्हणाले. "मी शेजारी बसेन. पहिल्या चमच्यापासून. एक पायरी माझ्या नजरेआड व्हायची नाही."

"मी काय शाळेतली पोर आहे?"

"सध्या तरी आहेस."

ती बीकर धुवायला निघून गेली.

मंगळवारी नऊला मी स्टूल ओढून तिच्या उजव्या हाताशी बसले. तिने सकाळपासून माझ्याकडे पाहिलेही नव्हते. केस घट्ट बांधलेले, ओठ मिटलेले. तिने वजनकाटा शून्यावर आणला, वजनासाठी दुमडलेला कागद ठेवला, कॅल्शियम क्लोराइडची बरणी उघडली. आतले खडे नेहमीसारखेच ओलसर, एकमेकांना चिकटलेले होते. जर्मनीत ते कोरडे, भाजलेल्या रव्यासारखे असत. इथे आल्यावर पहिल्याच दिवशी ती बरणी पाहून मी मनात म्हटले होते, आमच्या भांडारात मीठसुद्धा कोरडे राहत नाही. मग चमच्याने खडे फोडले आणि कामाला लागले.

तोगझान खडे टाकत गेली. काट्यावर १.११ आले. ती थांबली नाही. दीड झाले. दोन झाले.

"अगं, किती टाकतेस?" मी तिचे मनगट धरले. "शंभर मिलिलिटरला एक पूर्णांक अकरा. समोर लिहिलंय."

काट्याच्या वरच्या भिंतीवर माझ्याच अक्षरातला कागद चिकटवलेला होता. द्रावणांच्या कृती, ग्रॅममध्ये. जर्मनीहून परतल्यावर पहिल्या आठवड्यात मी तो लावला होता, म्हणजे पोरांनी दर वेळी हिशेब करत बसू नये.

"मी कागद बघत नाही," ती म्हणाली. "मी बरणी बघते."

"म्हणजे?"

"बरणीवर सहा पाणी लिहिलंय. मग दोन पूर्णांक एकोणीसच येणार ना."

तिने सहज सांगितले, भाजीचा भाव सांगावा तसे. मग माझा चेहरा पाहून तिचा हात थांबला.

मी बरणी उचलली. चिठ्ठीवर छापील रशियन अक्षरांत सूत्र होते आणि त्याच्यापुढे, बिंदू देऊन, सहा रेणू पाणी. अक्षर बारीक नव्हते. पुसटही नव्हते. ते खडे भांडारात ओल लागून चिकट झालेले नव्हते. त्यांची घडणच तशी होती. स्फटिकातच पाणी होते, वजनाने जवळजवळ निम्मे. जर्मनीतले मीठ, म्हणजे तेच कॅल्शियम क्लोराइड, निर्जल होते, त्याला एक पूर्णांक अकरा बरोबर. याला तेवढेच घेतले, तर द्रावणात कॅल्शियम निम्मेच पडणार. आणि मी ते पुरे धरून चालले होते. विकराला लागत होते एक. मी लिहिले होते दोन.

बेइबितला माझेच आकडे का आले, हेही उघड होते. तो बिचारा कागद वाचून काम करत होता.

"आपाई," तोगझान हळूच म्हणाली. तिलाही त्याच क्षणी कळले होते. "तुम्ही लेखासाठी शेजारी दुसरा गहू मोजला होता ना? साधा?"

"नाही. इतर गव्हांचे आकडे इतरांच्या लेखांतून घेतले."

रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात ते पहिले वाक्य असते: बरणीवरचे वाचा. मी स्वतः चार वर्षे पोरांना ते शिकवले होते.

आम्ही बाहेर जिन्यात गेलो. गालिना पेत्रोव्ना, आमच्या भांडारप्रमुख, खिडकीशी चहा घेत उभ्या होत्या. मी विचारले, ही बरणी कधीपासूनची? त्या भडकल्याच.

"झाउरे, मी इथे एकतीस वर्षं सहा पाण्यांचंच मागवते. निविदेत तेच बसतं. तुम्हाला कोरडं हवं होतं तर तोंड उघडायचं. बाहेरून शिकून येता आणि चिठ्ठ्या वाचायला विसरता!"

त्या कप घेऊन आत गेल्या. तोगझान कठड्याला टेकली.

"मी एक सुचवू?" ती म्हणाली. "रागावू नका."

"बोल."

"मी आज कागदाप्रमाणे करते. एक पूर्णांक अकरा. दोन येतील. गुरुवारी दोन दाखवते. जूनमध्ये मी मोकळी, तुमचा लेख जागेवर. कुणाला काय कळणार आहे?"

मला संताप आला. तिच्यावर नाही, असे आता लिहिणे सोपे आहे. त्या वेळी तिच्यावरच आला. सहा आठवडे ही मुलगी बरोबर होती. सहा आठवडे मी तिला चूक ठरवत होते. आणि आता, बरोबर ठरण्याच्या क्षणी, ती माझी चूक अंगावर घ्यायला निघाली होती.

"वेडी आहेस का तू?"

"वेडी नाही, दमलेय," ती म्हणाली. "तुम्हाला माहितीये मागच्या सोमवारी आईला फोनवर काय सांगितलं मी? म्हटलं, मला हे जमत नाही बहुतेक. माझे हातच तसे आहेत. ती म्हणाली, लहानपणी तर कणीक छान मळायचीस."

तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही. माझ्याकडे रोखून पाहत राहिली. मला खाली पाहावे लागले.

"दोन दाखवायचे नाहीत," मी म्हणाले. "मी आगायांशी बोलते."

साबित आगायांनी सगळे शांतपणे ऐकले. चष्मा काढून डोळे चोळले. बासष्टाव्या वर्षी, वीस वर्षांचे उत्तर हातातून निसटताना माणूस ओरडेल असे मला वाटले होते. ते ओरडले असते तर मला बरे वाटले असते.

"खात्री आहे?"

"बरणी घेऊन आलेय."

"बरणी नको दाखवूस मला." त्यांनी खिडकीकडे पाहिले. "हे बघ कारागिम, घाई नको. गुरुवार जाऊ दे. प्रकल्पाचा अहवाल मेमध्ये आहे, तो जाऊ दे. मुलीची मौखिकी होऊ दे. मग शरद ऋतूत नियतकालिकाला पत्र लिहू, व्यवस्थित, पुन्हा मोजमाप करून. दुरुस्त्या सगळेच करतात."

"गुरुवारी ती काय दाखवेल?"

"प्राथमिक निष्कर्ष म्हणेल. पुढे काम चालू आहे म्हणेल. आपण सगळे तेच म्हणतो."

"आगाय, तिचा पहिला प्रश्नच दुप्पट का लागतं हा आहे. दुप्पट लागतच नाही."

"म्हणून तर म्हणतो!" ते एकदम चिडले. "तू आज सत्य बोलशील, तुझं मन हलकं होईल. ती मात्र विषय गमावून बसेल. प्रबंधात नावीन्य लागतं, नियमच आहे. काय नवीन सांगणार ती? आमचा गहू इतरांसारखाच आहे, हे?"

तिथून निघाले ती सरळ घरी गेले आणि नवऱ्याने केलेले खाणे न खाता बसून राहिले. आगाय चुकीचे बोलत नव्हते. माझ्या चुकीची किंमत मीच मोजावी, इतकी सोय त्या चुकीत नव्हती.

बुधवारी सकाळी मी नियतकालिकाला पत्राचा मसुदा लिहिला आणि आगायांना दाखवण्याआधी तोगझानपुढे ठेवला.

"हे पाठवलं, तर तुझा विषय जातो. नाही पाठवलं, तर खोट्यावर उभा राहतो. सही माझी आहे, म्हणून पाठवणार मीच. पण तुला विचारल्याशिवाय नाही."

तिने तीन ओळींचा मसुदा पुन्हा पुन्हा वाचला. मग पेन्सिल घेऊन एके ठिकाणी रेघ मारली.

"'तांत्रिक त्रुटी' काय? त्रुटी तांत्रिक नव्हती. मिठात पाणी होतं आणि ते धरलं नाही, असं लिहा. वाचणाऱ्याला कळू दे, नाहीतर तोही हेच करेल."

मी बदलले.

"आणि एक," ती म्हणाली. "माझ्याकडे तिसऱ्या प्रकरणाचं काम आहे. विकराला धरून ठेवणारं, काम करू न देणारं ते दुसरं प्रथिन. तुम्ही म्हणालात बाजूला ठेव, मुख्य विषय नाही."

म्हणाले होते. दोनदा.

"या वाणात ते तिप्पट आहे. तिथं मिठाचा संबंधच येत नाही. पण दोनच वर्षांच्या पिकाचे आकडे आहेत. तिसरं पीक सप्टेंबरशिवाय येत नाही."

"म्हणजे जून नाही."

"जून नाही," ती म्हणाली. "मला मोजता येतं."

तिने होकाराची मान हलवली. आगायांना न दाखवताच मी तिच्यासमोर पत्र पाठवले.

गुरुवारी अकरा माणसे लांब टेबलाभोवती बसली होती. माझ्या नावाची पाळी नव्हती, तरी मी आधी उठले. बरणी, कागद, एक पूर्णांक अकरा, दोन पूर्णांक एकोणीस. चार मिनिटांत संपले. तोगझानचे सहाही निकाल बरोबर होते आणि तिच्या हाताबद्दल मी इथेच जे बोलले ते चूक होते, हेही सांगितले. पत्र गेले आहे, असे सांगितल्यावर आगायांनी चष्मा काढला आणि पुढची सगळी बैठक हातात धरून ठेवला.

विभागप्रमुखांनी तोगझानकडे पाहिले. "मग तुझ्या प्रबंधात नवीन काय उरलं?"

"कॅल्शियममध्ये काहीच नाही," ती म्हणाली. "तिथं आमचा गहू साधाच आहे. तिसऱ्या प्रकरणात आहे. मला एक पीक हवं."

त्यांनी तिला एक पीक दिले. नोंदणी जूनमध्ये संपणार, खोली जाणार, पूर्वमौखिकी डिसेंबरात. प्रयोगशाळेत येण्याची परवानगी मात्र चालू राहणार. यापेक्षा वाईट होऊ शकले असते, आणि यापेक्षा चांगले व्हायला हवे होते.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "राहायला माझ्याकडे ये. धाकट्याची खोली आहे."

"नको," ती म्हणाली. "मावशी आहे तलगारला. बसने येईन." थोडे पुढे जाऊन ती वळली. "दुरुस्तीसाठी पुन्हा मोजमाप लागेल ना? आमचा गहू, साधा गहू, सगळं?"

"लागेल."

"ते मी करणार नाही, आपाई. मी सहा वेळा केलंय."

"तू करायचं नाहीसच. मी करणार आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि तिसऱ्या प्रकरणाची वही काखेत मारून प्रयोगशाळेकडे गेली. माझ्यापुढे पुन्हा मोजायचे बेचाळीस नमुने होते. मी भांडाराच्या दारावर थाप मारली आणि गालिना पेत्रोव्नांकडे साध्या गव्हाचे बियाणे मागितले.