पाच लाडवांची लादी

मी एक जुना हातोडा आहे. पण मित्रांनो, घाबरू नका, माझं डोकं रबराचं आहे. रबरी डोक्याचे फायदे पुष्कळ. कितीही आपटलं तरी फुटत नाही, आत काही दुखत नाही, समोरच्यालाही इजा होत नाही. एवढ्या गुणांवर काही माणसांनी मोठमोठी पदं मिळवली आहेत. मला लादी ठोकायचं काम मिळालं आणि ते मी इमानाने केलं. निदान बरीच वर्षं माझा तसा समज होता.

माझा जन्म तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. त्याच दिवशी माझे दोनशे भाऊ जन्मले. आम्हाला बोईसरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात दोरीला उलटं टांगलं, वटवाघळांसारखं. तिथून कुंभवलीच्या दामू मिस्त्रीने मला निवडलं. त्याने दुकानाच्याच लादीवर मला तीनदा ठोकलं, कान दिला आणि म्हणाला, "ह्याचा आवाज बरा हाय." ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. दुकानदाराने मात्र वाकून आपली लादी तपासली.

दामूच्या पिशवीत छिन्नी होती, थापी होती, पाणसळ होती. छिन्नी फोडायची, थापी लिंपायची, पाणसळ पातळी बघून चुका काढायची. माझ्याकडे दोन कामं. नवी लादी हलक्या हाताने ठोकून बसवायची आणि जुनी लादी ठोकून तिचं पोट तपासायचं. खाली सिमेंट गच्च भरलेलं असेल तर लादी 'ठप्' करून गप्प बसते. खाली पोकळी असेल तर ती 'डबडब' बोलू लागते. दामू म्हणायचा, "लादी बोलली नाय पायजे. बोलणारी लादी आज ना उद्या फुटणार."

आमच्या धंद्यात एक रिवाज आहे, तोही सांगतो. मिस्त्री कोणाच्याही घरी गेला की पिशवी उघडण्याआधी जुन्या मिस्त्रीच्या नावाने बोटं मोडतो. "हे काम कोणी केलं हो? हात होते का पाय?" असं म्हटल्याशिवाय एकाही घरात लादी हललेली मी पाहिलेली नाही. घरमालकालाही बरं वाटतं. आधीचा मिस्त्री वाईट होता, म्हणजे हा चांगला असणार, असा तो हिशेब मांडतो. दामूचा या कलेत कोणी हात धरत नसे.

पुढे दामूचे गुडघे गेले. लादीचं काम बसून, सरकत, गुडघ्यांवरच होतं. ते रुसले की धंदा संपला. माझी पिशवी खाटेखाली गेली. दोन वर्षं त्याच्या घरच्यांनी मला सुके बोंबील ठेचायला वापरलं. मी तक्रार करत नाही. पण ज्याने बंगल्यांच्या लाद्या बसवल्या, त्याला मांजरांनी मागे लागावं हे काही सन्मानाचं नव्हे.

मला खाटेखालून काढलं लाडकीने. ती मनोरच्या पलीकडच्या डोंगरातली. भात कापून झाला की आई-बापाबरोबर बोईसरला बांधकामावर यायची, घमेली वाहायची. मग दामूच्या हाताखाली लागली आणि सात वर्षं राहिली. लादी कापणं, थर ओढणं, सांधे भरणं, सगळं तिला येत होतं. पण लोक तिला 'ती घमेलंवाली' म्हणायचे. धंद्यात बाई मिस्त्री असते हे कोणाच्या गावी नव्हतं.

एके दिवशी ती दामूच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मिस्त्री, हातोडा द्या. बेटेगावला दोन लाद्या बदलायच्या हायत. मी एकटी करणार."

दामूने मला हुंगलं. "बोंबलाचा वास येतो."

"येऊ द्या. लादीला नाक नाय."

"मी पण येतो. खुर्चीवर बसून बघेन. काय बोलणार नाय."

दामू न बोलता बसणार, हे ऐकून पिशवीतली पाणसळसुद्धा हलली.

बेटेगावच्या त्या फ्लॅटमध्ये दिग्विजय साहेब राहत. मूळचे कराडकडचे, नोकरी वीज केंद्रात, आता निवृत्त होऊन सोसायटीचे सेक्रेटरी. निवृत्त माणसाला सेक्रेटरी केलं की तो इमारतीतला प्रत्येक खिळा ओळखू लागतो. त्यांच्या हातून गॅसचा सिलिंडर निसटून हॉलमधल्या दोन लाद्यांना तडे गेले होते. त्या जातीची लादी बाजारातून केव्हाच बंद झाली होती. बोईसर झालं, पालघर झालं, कुठे मिळाली नाही. माळ्यावर बिल्डरने दिलेल्या तीन लाद्या होत्या, पण त्यातली एक त्यांच्या पत्नी वैभवीताईंनी तुळशीच्या कुंडीखाली ठेवली होती आणि तिचा कोपरा उडाला होता.

"म्हणजे दोन फुटक्या आणि दोन शिल्लक," साहेब म्हणाले. "शेजारची एक जरी फुटली तरी सगळा हॉल उखडावा लागेल. फुटली तर तुमचं-आमचं इथेच संपलं. नीट निघाल्या तर सोसायटीच्या जिन्याचं काम तुम्हाला. चार मजले. आणि कागदावर मिस्त्री म्हणून तुमचं नाव."

लाडकीने मान हलवली.

तिने मला घेतलं आणि फुटक्या लाद्यांभोवती ठोकत फिरली. डबडब. डबडब. डबडब. अकरा लाद्या बोलल्या.

"साहेब, तुमचा सिलिंडर उगाच बदनाम झाला. ह्या खालून पोकळ हायत. भरीव असत्या तर एवढ्याने तडकल्या नसत्या."

"बघ वैभवी!" साहेब उजळले. "चार महिने मला बोलतेयस."

"पोकळ असल्या म्हणून सिलिंडर आपटायचा असं नाही," आतून उत्तर आलं.

एवढ्यात दामूला रिवाज आठवला. खुर्चीत सावरून बसत त्याने सुरुवात केली. "कोण गाढव होता हो हा? ह्याला लादी बसवायला दिली का गाय बांधायला? असल्या माणसाला उमरोळी स्टेशनच्या पुढे, बोईसरकडे, गाडीत बसू देऊ नये!" साहेब खूश झाले. वैभवीताईंनी चहात आलं वाढवलं.

लाडकी कामाला लागली. तिने आधी दोन्ही लाद्यांच्या चारी बाजूंचे सांधे बारीक चाकाच्या मशीनने कापून मोकळे केले. मित्रांनो, घाईचा माणूस इथेच फसतो. सांधा तसाच ठेवून घाव घातला की धक्का शेजारणीला जातो आणि तिचा कोपरा उडतो. मग तिने पहिल्या लादीच्या मधोमध भोकं पाडली आणि छिन्नी तिरकी धरून मधून कडेकडे तुकडे काढत गेली. कडेचा शेवटचा तुकडा तिने बोटांनी उचलला, भाकरीचा पापुद्रा उचलावा तसा. शेजारच्या एकाही लादीचा कोपरा उडाला नव्हता.

तुकडे निघाले आणि खाली काय होतं ते दिसलं. सिमेंटचे पाच लाडू. चार कोपऱ्यांत चार, मध्ये एक, आणि बाकी हवा. लादी अशी पाच लाडवांवर टेकवली की काम झपाट्याने उरकतं. वरून सगळं गुळगुळीत दिसतं.

मधल्या लाडवाच्या कडेला अंगठ्याचा ठसा होता. अर्ध्या अंगठ्याचा. वरचं पेर नव्हतंच.

दामूच्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर तरुणपणी कटरमध्ये गेलं होतं. लाडकीने तो अंगठा सात वर्षं रोज पाहिला होता. आणि मी? माझ्याच डोक्याने त्या लाद्या ठोकल्या होत्या, चौदा वर्षांपूर्वी. तेव्हा इमारतीला बाहेरून गिलावाही नव्हता, इथे ना सोफा होता ना पडदे, म्हणून जागा ना मला ओळखता आली ना दामूला. इमानाच्या गोष्टी सांगणारा मी, आणि माझ्यासमोर माझेच पाच लाडू. रबराच्या डोक्यालाही दुखतं, हे मला त्या दिवशी कळलं.

लाडकीने ओला स्पंज उचलला आणि सहज ठेवल्यासारखा त्या ठशावर ठेवला.

"काय निघालं?" साहेब मोबाइल घेऊन पुढे आले. "थांबा, फोटो काढतो. सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. कळू दे लोकांना, कसला मिस्त्री होता."

"सिमेंट हाय, साहेब. दुसरं काय असायचं?" लाडकी म्हणाली. "उजेड अडवू नका."

खुर्ची करकरली. दामू उठत होता. दोन्ही गुडघे आधी वाजले, मग तो उभा राहिला.

"स्पंज काढ, लाडके."

"तुमी बसा, मिस्त्री."

"काढ म्हटलं ना." मग तो साहेबांकडे वळला. "फोटो काढायचा तर माझा काढा. तो गाढव मीच."

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या वैभवीताई दारातच थांबल्या.

"बिल्डरच्या माणसाने सांगितलं, रोज एक फ्लॅट उरकायचा," दामू म्हणाला. "भरून बसवायला तीन दिवस लागतात. तो म्हणाला, पाच लाडू मार. मी मारले. नाय म्हणता आलं असतं. म्हटलं नाय."

"किती फ्लॅट?"

"ह्या इमारतीत बत्तीस."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे पाच मिनिटांपूर्वी तुम्ही स्वतःलाच शिव्या देत होता?"

"चुकीच्या माणसाला तर नाय दिल्या," दामू म्हणाला.

वैभवीताई हसल्या. साहेब हसले नाहीत. "काम थांबवा. ज्याने हे केलं त्याच्याच हाताखाली ही शिकली. ही दुसरं काय करणार? उचला पिशवी."

लाडकी उठली नाही. तिचे गुडघे त्या खड्ड्याच्या काठावर होते आणि ते तिथेच राहिले.

"साहेब, मी सात वर्षं ह्यांच्या हाताखाली काढली. मला लाडू कसे मारतात ते ठाऊक नाय. आज पयल्यांदा बघते." ती दामूकडे वळली. "का नाय शिकवलं, मिस्त्री?"

दामू लादीकडे बघत होता. "हाताला एकदा सोपी वाट सापडली की तो परत अवघड वाटेने जात नाय. माझा जायला लई वर्षं लागली."

"ऐकलं, साहेब? आता मी थांबले तर तुमच्या हॉलात खड्डा राहील. ह्या दोन लाद्या मला बसवू द्या. उद्या ताईंनी स्वतः ठोकून बघायचं. एक जरी बोलली, तर जिना नको, नाव नको, मी परत तुमच्या दारात येणार नाय."

साहेबांनी वैभवीताईंकडे पाहिलं. वैभवीताईंनी चहाचा पहिला कप लाडकीपुढे ठेवला. त्या घरात निर्णय असा होत असावा.

लाडकीने दुसरी लादीही तशीच काढली. मग सगळे लाडू तासून काढले. अर्ध्या अंगठ्याचाही काढला. तळ झाडला, धूळ पुसली. नवी लादी नुसती ठेवून खोली पाहिली, परत उचलली, तळ ओला केला. मग खाली लादी चिकटवायच्या केमिकलचा अखंड थर ओढला आणि दातेरी थापीने त्यात सरळ चर पाडले. लादीच्या पाठीलाही पातळ हात दिला. एवढ्यावर ती थांबली नाही. खड्डा उघडा होता तोवर लांब पट्टीने तिने शेजारच्या पोकळ लाद्यांच्या पोटाखाली केमिकल सारलं, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. लांबच्या लाद्यांचे सांधे कोरून तिथून आत भरलं. अकराच्या अकरा. दामू खुर्ची सोडून बादलीजवळ बसला होता आणि मुकाट्याने केमिकल कालवत होता. तो खरोखर काही बोलला नाही.

शेवटी मला हाक आली. कोपऱ्यातून मध्ये, मधून कोपऱ्यात, हलके हलके. पाणसळ चार बाजूंनी ठेवली. पाणसळीला चूक सापडली नाही, त्यामुळे तिचा दिवस वाईट गेला.

"चोवीस तास पाय नाय द्यायचा," लाडकीने बजावलं. साहेबांनी भोवती चार खुर्च्या मांडून दोरी बांधली आणि 'धोका' अशी पाटी लावली. वीज केंद्राची सवय.

दुसऱ्या दिवशी वैभवीताईंनी पदर खोचला आणि मला हातात घेतलं. साहेब बाजूला हाताची घडी घालून उभे. नव्या दोन लाद्या, मग शेजारच्या अकरा. तेरा ठोके.

ठप्. ठप्. ठप्. शेवटपर्यंत ठप्.

"काही बोलत नाही हो," वैभवीताई म्हणाल्या.

साहेब स्वतः वाकले, प्रत्येक लादी बोटाच्या पेराने वाजवून पाहिली आणि उठताना म्हणाले, "लाडकी मिस्त्री, सोमवारपासून जिना सुरू करा."

'मिस्त्री' हा शब्द ऐकून लाडकी जरा वेळ सांधेच भरत राहिली. मग हात पुसून म्हणाली, "जिना पळत नाय, साहेब. आधी बाकीची घरं उघडू. मिस्त्रींनी केलं, आमीच भरणार."

"लोक चिडतील."

"चिडू दे," दामू म्हणाला. "शिव्या खायला मी हाय ना. मला सवय पण झाली."

आता मी चौदा वर्षांहून जुना आहे, मित्रांनो. माझ्या रबराला भेगा पडल्यात, दांडा सैल झालाय. लाडकी रोज काम संपल्यावर माझं डोकं धुते, सिमेंट सुकू देत नाही, उन्हात टाकत नाही. तुम्हीही तुमच्या अवजारांना एवढं जपा. आणि कोणाचं काम हाती आलं तर जिथे दिसत नाही तिथेही ते भरीव करा; वरचं गुळगुळीत काय, कोणीही करतं. मला मात्र कोणी नव्या हातोड्याशी बदलू नका एवढ्यात. साहेबांच्या घरातल्या उरलेल्या लाद्या आणि अजून एकतीस घरं बाकी आहेत, आणि कोणती लादी पोकळ आहे ते ती ठोकणाऱ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?