तरंगगुरूंचा जबडा

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तशी माणसं भिंतीला टेकून, खिडक्यांत चढून उभी होती. पुढच्या मोठ्या पडद्यावर एक हिरवी रेघ नुसती थयथयाट करत होती.

"बघा, बघा!" तरंगगुरू गरजले. "हे या बाईंच्या मेंदूतलं पाप! दात आवळा बाई, आणि एकेक पाप आठवा!"

डोक्याला पट्टा बांधलेल्या त्या बिचारीने दात आवळले. रेघ आणखी उसळली.

"आता डोळे मिटा. जबडा सैल सोडा. फक्त माझं रूप मनात आणा."

उसळणं थांबलं. पडद्यावर एकसारख्या, सुबक लाटा वाहू लागल्या. हॉलभर "अहाहा!" झालं.

मागच्या रांगेत बसलेल्या मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं ती इस्पितळात मेंदूचे आलेख काढत होती. पेशंटच्या डोक्यावर पेस्ट लावून तारांच्या चकत्या चिकटवायच्या आणि म्हणायचं, "डोळे उघडा, डोळे मिटा, दात आवळू नका." सवयीने नवऱ्याच्या हातात चहा देतानाही ती कधीकधी "जबडा सैल" म्हणून जायची. आणि हा भामटा तिचीच रोजची वाक्यं चमत्कार म्हणून खपवत होता!

शेजारी तिची धाकटी बहीण हात जोडून बसली होती, पलीकडे बहिणीची मुलगी. अकरा वर्षांच्या त्या मुलीला फिट यायच्या. गोळ्या सुरू झाल्यापासून दोन वर्षांत एकही आली नव्हती. पाच दिवसांपूर्वी गुरूंनी तिची रेघ पाहून "मेंदू शुद्ध झाला" असं जाहीर केलं आणि बहिणीने गोळ्यांची पाकिटं दाराजवळच्या काचेच्या पेटीत टाकली. पेटी लोकांच्या औषधांनी गळ्यापर्यंत भरली होती.

"ताई, मशीन कुठं खोटं बोलतं का?" बहीण म्हणाली.

"मशीन नाही गं बोलत. तो बोलतो."

तेवढ्यात गुरूंनी शुद्ध मेंदूचा नमुना म्हणून भाचीलाच पुढे बोलावलं. मावशी तिच्या कानाशी लागली. पोरगी खुदकन हसली आणि खुर्चीत जाऊन बसली. पट्टा बांधला. डोळे मिटले. सुबक लाटा!

"पाहिलंत? माझ्या स्मरणाचा प्रताप!"

"पण मी तर म्हैस आठवत होते," भाची म्हणाली. "डबक्यात बसलेली."

हॉलमध्ये खसखस पिकली. गुरू क्षणभरच गडबडले. "म्हशीतही मीच आहे!"

"असाल," मावशी उभी राहून म्हणाली. "मग आता पट्टा तुम्हीच बांधा. सगळ्यात शुद्ध मेंदू बघू तरी."

"बसा की गुरुजी, तुम्हाला कसली भीती?" खिडकीत चढून बसलेला एक प्लंबर ओरडला. नाही कसं म्हणणार? गुरू बसले. शिष्याने पट्टा बांधला. रागाने गुरूंचा जबडा असा आवळला होता की पडद्यावर रेघ पार वर जाऊन आदळली.

"बाप रे, केवढं हे पाप!" मावशी म्हणाली.

"खोटं आहे! कारस्थान आहे!" गुरू ओरडले, आणि प्रत्येक शब्दाला रेघ टणाटण उडाली. जितकं नाकारावं तितकी ती नाचे. शेवटी त्यांनी स्वतःच पट्टा उपटून फेकला.

मावशी लोकांकडे वळली. "मेंदूतल्या लाखो पेशी एका तालात काम करतात, तेव्हा अगदी क्षीण वीज तयार होते. टॉर्चच्या सेलपेक्षा हजारो पटींनी क्षीण. चकत्या ती पकडतात, यंत्र ती वाढवून दाखवतं. तिलाच मेंदूच्या लहरी म्हणतात. जबड्याच्या स्नायूंची वीज तिच्याहून खूप मोठी असते, म्हणून दात आवळले की रेघ उसळते. स्वस्थ बसून डोळे मिटले की बहुतेकांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला अशा संथ लाटा येतात, साधूच्या आणि चोराच्याही. मनात काय चाललंय ते त्यांवरून वाचता येत नाही. पाप तर नाहीच नाही."

"पण हिची रेघ साफ आली ना?" बहिणीने विचारलं.

"माझ्या मशीनवरही साफच आली होती गं! फिट नसताना कितीतरी जणांची येते. तरीही डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कारण फिट खऱ्या होत्या. गोळ्या अचानक बंद केल्या की जिवावर बेतू शकतं."

बहिणीने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते आधी कडाडले, मग त्यांनी आजचा डोस लगेच द्या आणि पोरीला घेऊन या, असं सांगितलं. बहिणीने पेटी जमिनीवर पालथी केली आणि गुडघ्यांवर बसून मुलीचं नाव लिहिलेलं पाकीट शोधू लागली. एक म्हातारे गृहस्थ वाकले. "माझी प्रेशरची दिसतात का हो त्यात?" मग प्लंबर आला, आपल्या शुगरच्या गोळ्या शोधत. बघता बघता अर्धा हॉल पेटीभोवती बसला. गुरू मागच्या जिन्याने कधी पसार झाले, कोणी पाहिलंही नाही.

पाकीट सापडलं. भाचीने तिथेच गोळी पाण्याबरोबर गिळली, तेव्हा कुठे बहिणीला रडू फुटलं.

तुम्हालाही उद्या कोणी पडद्यावर रेघ दाखवून औषध बंद करायला सांगेल. यंत्र खरं असेल, रेघही खरी असेल. तरी हात जोडण्याआधी एवढं विचारा: म्हैस आठवली तरी हे असंच होतं का?