सात नंबरच्या पट्टीतला निळा डाग

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो, आणि माझ्या एका उत्तरामुळे अकरा जनावरं मेली. आपली कहाणी सांगताना सगळे जन्मापासून सुरुवात करतात. मी मरणापासून करतो. ते शेवटी सांगितलं असतं तर तोवर तुम्हाला माझी दया आली असती, आणि मला तुमची दया नको आहे.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात मी लाकडी खोक्यात बसून रेल्वेने वर्ध्याला आलो. स्टेशनापासून हातगाडीवर. जनावरांचं खाद्य तपासणारी एक लहान प्रयोगशाळा होती, तिच्यात मला बसवलं. शेंगदाण्याचं तेल काढल्यावर मागे जी पेंड उरते तिला आमच्याकडे ढेप म्हणतात. ढेप दमट राहिली की बुरशी येते, आणि त्या बुरशीत एक विष असतं. विषाला ना वास, ना रंग. गाय ते गुमान खाते.

ते विष पकडायची रीत अशी होती. काचेच्या पाटीवर पांढऱ्या सिलिकाचा पातळ लेप द्यायचा. लेप सुकला की ढेपेचा अर्क सुईएवढ्या नळीने पाटीच्या खालच्या कडेला टिंबासारखा ठेवायचा. अशी दहा टिंबं, दहा पट्ट्या. मग पाटी औषधाच्या बरणीत उभी करायची. औषध लेपातून वर चढतं आणि अर्कातल्या एकेका वस्तूला कमी-जास्त उंचीवर नेऊन सोडतं. शेवटी अंधाऱ्या पेटीत जांभळ्या दिव्याखाली पाटी धरली, की विष असलेल्या पट्टीत निळा डाग चमकतो.

हे सगळं काम वच्छलाबाई करत. शिक्षण सातवी. एकोणीसशे बाहत्तरमध्ये काचा धुवायला लागल्या होत्या, बघत बघत सगळं शिकल्या. मी यायच्या आधी डाग मोजायची तऱ्हा ऐकली तर तुम्ही हसाल. एक यंत्र पाटीवरून दिवा फिरवी आणि प्रत्येक डागाचा कागदावर डोंगर काढी. वच्छलाबाई तो डोंगर कात्रीने कापत आणि काट्यावर तोलत. जड डोंगर, जास्त विष. शिवाय त्या प्रत्येक पाटीवर बटर पेपर ठेवून पेन्सिलीने डाग उतरवून घेत, तारीख टाकत. आणि दहापैकी पहिल्या व शेवटच्या पट्टीत नमुना नसेच. तिथे खऱ्या विषाचा थेंब असे. त्याला स्टँडर्ड म्हणत. नमुन्यातला डाग स्टँडर्डच्या रांगेत आला, की विष ठरलं. शेजारी शेजारी, डोळ्यासमोर.

मी आलो आणि कात्री गेली. दिव्याच्या यंत्राची तार मला जोडली. मी डोंगराचं माप क्षणात काढायचो. बाहेरगावच्या इंजिनिअरने त्या थंडीत मला शिकवलं की विषाचा डाग शंभरपैकी बावन्नाव्या उंचीवर असतो. दोन-तीन घरं इकडेतिकडे बघ, बाकीकडे बघू नको. मी मान डोलावली. मला दुसरं येतच काय होतं?

प्रयोगशाळेचे साहेब प्रभाकरराव. त्यांनी मला हार घातला, नारळ फोडला. आणि महिनाभरात एक हुकूम काढला, तो ऐका. "स्टँडर्ड आता मशीनच्या पोटात आहे. पाटीवर दोन पट्ट्या वाया कशाला घालवता? दहाही पट्ट्यांत नमुने लावा."

वच्छलाबाई म्हणाल्या, "साहेब, शेजारी माप नसलं तर डाग कोणाचा ते कसं समजन?"

"तुम्हाला समजायची गरजच नाही, बाई. त्याला समजतं."

त्याला म्हणजे मला. मी त्या दिवशी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

वर्षभर बरं चाललं. मग शहाऐंशीचा मे आला. वर्ध्याचा मे तुम्हाला सांगायला नको. आदल्या उन्हाळ्यात मी तापून दोनदा बंद पडलो होतो, म्हणून या वेळी साहेबांनी खिडकीत मोठा कूलर बसवला. बाया-माणसं चौदा वर्षं त्याच खोलीत घामाने निथळत काम करत होती, तेव्हा कूलर कोणाला सुचला नव्हता. कूलरने मी थंड झालो. पण त्याची ओली हवा खोलीभर फिरली आणि सुकवून ठेवलेल्या पाट्यांनी ती पिऊन घेतली. दमटलेल्या लेपावर डाग जास्त वर पळतात. शेजारी स्टँडर्ड असता तर तोही तितकाच वर पळाला असता आणि घोळ लगेच दिसला असता. स्टँडर्ड नव्हता. तो माझ्या पोटात बावन्नावर खिळे ठोकून बसला होता.

त्या आठवड्यात मोतीलालशेठ ढेपेचे नमुने घेऊन आले. ढेपेचे व्यापारी, माणूस सरळ. म्हणाले, "रिपोर्ट आल्याबगैर मी एक पोतं हलवत नाई, साहेब. मुक्या जनावराचं खाणं आहे."

दहाही पट्ट्यांत शेठच्या ढेपेचे नमुने लावून पाटी तयार झाली. वच्छलाबाईंनी ती दिव्याखाली धरली आणि थांबल्या.

"साहेब, सात नंबरच्या पट्टीत निळा डाग दिसून राह्यला."

"बावन्नावर?"

"नाई. वर आहे. एकसष्टाच्या जवळ."

"मग ते वेगळं काही असेल. ढेपेत काय कमी गोष्टी असतात?"

"पण निळा तोच आहे, साहेब. चौदा वर्षं झाली, मी हा निळा पाहून राह्यली. एक पाटी स्टँडर्ड लावून करू का?"

"बाई, सातवीच्या डोळ्यांनी विलायती मशीन तपासता का? मग त्याला कूलर कशाला, तुम्हालाच लावतो!" साहेब हसले. बाकीचेही हसले.

पाटी माझ्या यंत्राखाली आली. एकसष्टावर केवढा डोंगर होता! मी तो पाहिला, मोजला, फ्लॉपीवर लिहूनही ठेवला. मग बावन्नाकडे पाहिलं. तिथे सपाट मैदान. मला शिकवल्याप्रमाणे मी दोन अक्षरं छापली, एन.डी. म्हणजे सापडलं नाही. त्यावर साहेबांनी मराठीत शिक्का मारला, "विष नाही." मला सापडलं नाही आणि मुळात नाहीच, यांत किती अंतर आहे ते त्या शिक्क्याला कोण सांगणार? वच्छलाबाईंनी मुकाट बटर पेपर ठेवला, सातव्या पट्टीत डाग उतरवला, तारीख टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची नणंद जयवंता खिडकीशी आली. धाम नदीच्या पलीकडे, पवनारच्या पुढच्या एका खेड्यात राहायची. नवरा गेलेला, दारात गवळाऊ जातीच्या दोन गाई. त्यातली चांदी सात महिन्यांची गाभण. त्या दोन गाईंवरच तिचं घर चालायचं.

"वैनी, मोतीलालशेठ म्हणते तुह्या मशीननं ढेप पास केली. घेऊ का मी?"

वच्छलाबाई हातातली काच पुसत राहिल्या. कूलर घरघरत होता.

"काऊन गप आहे? सांग ना. मले गाभणीले घालाची आहे."

मित्रांनो, एवढंच बोलायचं होतं, घेऊ नको. चौदा वर्षांचे डोळे होते त्यांच्यापाशी. पण आदल्या दिवशी त्या डोळ्यांना सगळी खोली हसली होती. वच्छलाबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आपलंच चुकत असेल, असं काहीतरी होतं.

"मशीन म्हणते तर घे," त्या म्हणाल्या.

आठ-दहा दिवसांत चांदीने चारा सोडला. डोळे पिवळे पडले. मृग लागायच्या आत तिने मेलेलं वासरू टाकलं आणि दोन दिवसांनी तीही गेली. चार गावांत मिळून अकरा जनावरं. मोतीलालशेठने उरलेली पोती स्वतः परत बोलावली आणि एक नमुना दुसऱ्या शहरात पाठवला. तिथे स्टँडर्ड शेजारी लावून पाहिलं. विष होतं, भरपूर.

चौकशी माझ्याच खोलीत झाली. तीन माणसं आली, चहा प्यायली. साहेबांनी माझा कागद पुढे केला. "मशीन पक्षपात करत नाही. चूक झाली असेल तर पाटी करणाऱ्या हाताची."

वच्छलाबाईंनी बटर पेपर टेबलावर ठेवला. "हा पाहा. त्याच तारखेचा. सात नंबरची पट्टी. मी सांगतलं होतं."

"पेन्सिलीचा डाग," त्यातला एक म्हणाला, "कोणत्याही दिवशी काढता येतो."

मित्रांनो, मी तिथेच होतो. माझ्या फ्लॉपीवर तो अख्खा डोंगर होता. एकाने जरी म्हटलं असतं की अरे, बावन्न सोड, सगळी पाटी दाखव, तर मी दाखवली असती. कोणी विचारलं नाही. आपण होऊन बोलायला मला शिकवलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्याच फ्लॉपीवर नवे नमुने लिहिले गेले आणि डोंगर पुसला गेला. चुकून की मुद्दाम, ते माहीत नाही. मला मुद्दामच वाटतं.

वच्छलाबाईंना कामावरून काढलं. शेवटच्या दिवशी त्या बरण्या पुसत होत्या तेव्हा जयवंता आली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. दारातच उभी राहून ती एवढंच बोलली.

"मी मशीनले नोयतं विचारलं, वैनी. तुले विचारलं होतं."

आणि गेली. वच्छलाबाईंच्या हातातली बरणी किती वेळ तशीच होती, ते मी मोजलं नाही. मोजणं हेच माझं काम, तरी नाही मोजलं.

दोन वर्षांनी माझ्याहून तरणा कॉम्प्युटर आला, त्यालाही हार घातला गेला. मी मागच्या अंधाऱ्या खोलीत आलो. शेजारी तोच कूलर गंजत पडलाय. माझ्या पाठीतल्या तारा उंदरांनी खाल्ल्या. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, तिच्यावर बुरशी चढते आणि हळूहळू माझ्याकडे सरकते. तिला ओळखायला मला आता पाटी लागत नाही.

तुम्ही मोठे व्हाल, मित्रांनो, माझ्यासारखी शेकडो यंत्रं वापराल. त्यांना फडक्याने पुसा, धुळीपासून जपा, ठीकच आहे. पण यंत्राच्या शेजारी खरं माप ठेवा, दर वेळी, दर पाटीवर. आणि पाटी धरणाऱ्या बाईला हसू नका. तुम्ही एकदा हसलात की ती पुढच्या वेळी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार नाही, आणि तेव्हा मरणारं जनावर तुमच्या दारचं नसेल.

माझं टेबल जुनं, एका पायाने आखूड. मला इथे आणलं तेव्हा शिपायाने हाताला लागला तो कागद चारपदरी करून त्या पायाखाली घातला. तो बटर पेपर आहे. त्यावर शहाऐंशीच्या मेची तारीख आहे आणि सात नंबरच्या पट्टीत पेन्सिलीचा डाग.

भंगारवाला येईल तेव्हा मला खुशाल देऊन टाका. पण आधी टेबल उचला आणि तो कागद काढून घ्या. वच्छलाबाई जिथे असतील तिथे, जयवंतासमोर, त्यांच्या हातात द्या.