कागदाचा धोंडा

मी एक धोंडा बोलतोय. दबकू नका, वजनाने मी फार तर एका कोंबडीएवढा भरेन.

रोमच्या एका स्टुडिओत एर्सिलियाबाईंनी मला घडवलं. वेताचा सांगाडा, त्यावर रद्दी आणि खळ, वरून राखाडी रंग. त्या काळी तिथे प्राचीन वीरांचे सिनेमे धडाधड निघत. राजवाडे प्लायवूडचे, राक्षस रबराचे, आणि पिळदार नायकाने डोक्यावर उचलायला मी.

आमचा नायक नेव्हिओ. मूळचा काराराच्या संगमरवर-खाणीतला. मला उचलताना तो दातओठ खाई, मानेच्या शिरा फुगवी. एकदा वाऱ्याने मी त्याच्या हातून उडालो, दुष्ट राजाच्या टाळक्यावर टप्पा खाल्ला आणि पुढे गेलो. राजा तरीही ठरल्याप्रमाणे मेला. दिग्दर्शक म्हणाला, "राहू दे. पुन्हा घ्यायला ऊन कुठंय?" थिएटरात लोक हसून लोळले म्हणे.

नेव्हिओला ते फार लागलं. कारण गावाकडे बापही सिनेमा बघणार होता. बाप ओरेस्ते जन्मभर खाणीत राबलेला. थोरला मुलगा इव्हो तिथेच दगडाखाली गेला, तेव्हा नेव्हिओ खाण सोडून पळाला. तेव्हापासून बापलेकांत बोलणं नव्हतं.

एका दुपारी म्हातारा थेट शूटिंगवर येऊन उभा राहिला.

"हाच का तुझा दगड?"

"हाच, बाबा."

"सरक."

त्याने पाय रोवले, गुडघे वाकवले आणि जुन्या सवयीने कण्हत मला हिसका दिला. मी भुर्रकन वर गेलो, तो मागच्या मागे कोलमडला. सगळे फिदीफिदी हसले. नेव्हिओचं तोंड एवढंसं झालं.

म्हातारा मातीतच बसून राहिला. मला मांडीवर ओढून त्याने खरखरीत पंजा फिरवला.

"इव्होच्या अंगावर असला पडायला हवा होता रे."

नेव्हिओ शेजारी टेकला. "मी पळालो, बाबा."

"बरं केलंस. आता उचल, मला बघायचंय."

कॅमेरा फिरू लागला, नेव्हिओने मला उचललं. शिरा फुगवल्या नाहीत, पण अगदी सावकाश, तोल सांभाळत वर नेलं. दिग्दर्शक हळूच म्हणाला, "आज कुठे धोंडा जड वाटला."

आता मी गोदामात पडून आहे. कसरीने पोट पोखरलंय, आतल्या जुन्या बातम्या उघड्या पडल्यात. रखवालदार सांगतो, ते सिनेमे टीव्हीवर लागतात आणि लोक अजून हसतात. खुशाल हसा. माझ्याखाली कुणाचं घर बसलं नाही, हे काय थोडं झालं? फक्त त्या दुपारचा प्रसंग लागला, तर माझ्याकडे बघू नका. उचलणाऱ्याच्या तोंडाकडे बघा. तो तेव्हा बापाकडे बघतोय.