भिंतीकडची फळी

रुचा वडाळ्याला माहेरी जाऊन महिना झाला, आणि तेवढ्यात वैभवने गिरगावातल्या आपल्या खोलीची जवळजवळ सगळी सागवानी जमीन उखडून काढली. फळ्यांच्या जागी सिमेंटचे बोर्ड आले. राहिली एक, कपाटामागची, भिंतीला चिकटलेली.

राजाराम सुतार ती सोडून द्यायच्या मताचा. पहार घालायला जागा नाही, टोकं भिंतीत चिणलेली, वर कपाट आलं की कोणाला दिसणार आहे? वैभवला क्षणभर पटलंही. पण रुचा कपाट सरकवून बघणाऱ्यांतली होती.

तिचं म्हणणं सरळ होतं. फळ्यांच्या फटींतून घरातलं बोलणं खाली दुर्गाकाकूंकडे गळतं, आणि तिथून चाळभर होतं. दिवस गेल्याचं तिने स्वतःच्या आईलाही सांगितलं नव्हतं, तोवर जिन्यात तीन बायकांनी अभिनंदन केलं. तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं, तेव्हा त्याच बायका सांत्वनाला आल्या. येताना आणखी दोघींना घेऊन आल्या. घरातलं घरात राहायला लागलं की कळव, येते, असं सांगून रुचा गेली.

तेव्हापासून वैभवचा पाय ठरत नव्हता. रविवारी तिला आणायचं ठरलं होतं. राजारामने भिंतीला प्लायचा तुकडा लावला, त्यावर पहार टेकवली आणि फळी जरा जरा उचकटायला घेतली. वैभव त्याच्या खांद्यावरून वाकून बघे, खिडकीशी जाई, परत येई. शेवटी त्याने पहारच हिसकावली आणि सगळा जोर लावला. फळी निघाली. भिंतीचा टोपलीभर गिलावाही निघाला आणि थेट खाली गेला.

वीतभर फटीतून दुर्गाकाकू वर बघत होत्या. मांडीवर ताट, ताटात मेथी, मेथीवर चुना.

"वैभव, यायचं तर जिन्याने यायचं रे."

माफी मागायची सोडून तो चिडला. तुमच्यामुळेच हे सगळं करावं लागतंय, म्हणाला.

काकूंनी मेथी झटकली. "ऐकू यायचं, नाही म्हणत नाही. कान काय काढून ठेवू? पण मी कोणाला बोलले नाही. दोन्ही वेळा गॅलरीत उभा राहून तूच फोनवर तुझ्या ताईला सांगत होतास. रेंज नसली की तू ओरडतोस. समोरचा इस्त्रीवाला हातातलं काम थांबवून ऐकत होता."

राजाराम उगाचच खिळे गोळा करायला लागला.

"हे रुचाला नाही सांगितलंत?"

"नवराबायकोत मी कशाला पडू? आताही सांगणार नाही."

म्हणजे वैभव सुटला होता. बोर्ड ठोकायचा, रविवारी वडाळ्याला जायचं. आळ घ्यायला काकू होत्याच, आणि त्या तक्रारही करणार नव्हत्या. इतका चोख व्यवहार पुन्हा मिळाला नसता. त्याने खोलीत चारदोन फेऱ्या मारल्या, कपाटाला धडकला, आणि रुचाला फोन लावला.

"निघाली का शेवटची?"

"निघाली. पण त्यातून बाहेर काही गेलंच नव्हतं गं. मीच ताईला सांगत होतो, गॅलरीतून. चाळीने माझ्या तोंडून ऐकलं."

खाली काकूंनी टीव्हीचा आवाज मोठा केला.

"रविवारी घ्यायला येऊ नकोस," रुचा म्हणाली. "कधी यायचं ते मी कळवेन. तुला एकट्याला."

बोर्ड ठोकू का, राजारामने विचारलं. वैभव तोवर परत येरझाऱ्या घालायला लागला होता, दर वेळी ती फट ओलांडून.