आतली कडी

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. लोखंडाची, वीतभर लांब, दाराच्या आतल्या अंगाला बसवलेली. अशी गोष्ट जन्मापासून सांगायची असते, हे मला माहीत आहे. पण मला आधी तो बुधवार आठवतो, ज्या दिवशी मला शेवटचं तेल मिळालं.

त्या दिवशी बाबा कामावरून आले, हातपाय धुतले आणि शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊन माझ्यासमोर बसले. एका पिसाने ते माझ्या मुळाशी थेंब थेंब सोडायचे. शेजारी त्यांची लेक वह्या पसरून बसली होती. लहानपणी तिचं तोंड क्षणभर मिटत नसे, म्हणून घरात तिला टकळी म्हणत. एकोणिसाव्या वर्षीही ते नाव सुटलं नव्हतं.

"कडीला दर आठवड्याला तेल. आणि माझ्या केसांना?" टकळी म्हणाली.

"ती कुरकुरत नाही, म्हणून तिला मिळतं," बाबा म्हणाले.

"झालं," आई आतून म्हणाली. "बोलण्यावर कडी करायला बाप-लेक बसलेलेच आहेत. चहा निवतोय तिकडे."

इतका साधा दिवस होता तो.

आता जन्माचं सांगते. एका लोहाराने एकाच सळईचे दोन तुकडे करून आम्हा दोघी बहिणींना घडवलं. मी दाराच्या आत, ती बाहेर. आम्हाला हातात देताना त्याने बाबांना बजावलं होतं, "आतलीला तेल द्या, बाहेरचीला देऊ नका. बाहेरची वाजली पाहिजे. आतली वाजता कामा नये." म्हणून माझी बहीण खणखणत राहिली आणि मी गप्प राहायला शिकले.

टकळी पाच वर्षांची असताना तिने बहिणीवर एक खूण बसवली. दोनदा वाजवायचं, श्वासभर थांबायचं, मग पुन्हा एकदा. खण खण... खण. ती घरातल्या तिघांची खूण. ती ऐकली की "कोण?" विचारायचं नाही, सरळ मला काढायचं. परक्याला मात्र नाव सांगितल्याशिवाय दार उघडत नसे. चौदा वर्षं हा नियम चालला. आलेगेले मला बघून म्हणायचे, "काय घट्ट बसते हो तुमची कडी!" आणि मी फुशारून जायची. माझी सुखाची वर्षं तीच.

बाबा सरकारी दवाखान्यात मृत्यूची नोंदवही लिहायचे. पुढे असे दिवस आले, की चौकीत धरून नेलेली माणसं दवाखान्यात यायची ती चादरीखालीच. त्यांच्या नावापुढे 'ताप' लिहायचा, असा वरून निरोप होता. बाबांनी जे दिसलं ते लिहिलं. मनगटावर दोरीचे वळ. तळपायांना सूज. मग एक दिवस एक साहेब घरी आले आणि माझ्याजवळच्या खुर्चीवर बसले.

"एक पान तर बदलायचंय," ते म्हणाले.

"शाई वाळली, साहेब," बाबा म्हणाले.

"वाळते ना. माणूसही वाळतो," साहेब हसत म्हणाले आणि चहा न घेता उठले.

बाहेरगावाहून एक चौकशी समिती शुक्रवारी यायची होती. तिच्यापुढे बाबा ती वही उघडणार होते.

मित्रांनो, भीती मला हातांवरून कळते. साहेब येऊन गेल्यापासून आई मला लावायची, चार पावलं जायची, परत येऊन ओढून बघायची. तिची बोटं ओली असायची. बाहेरचं मला दिसत नाही, ते बहीण सांगायची. जिन्याच्या तळाशी एक केळीवाला उभा राहतो, ती म्हणाली. आठ दिवस झाले, केळी काळी पडली, पण त्याला खपवायची घाई नाही. तो आपल्या दाराकडे बघतसुद्धा नाही. नुसता कान देतो.

"भाव विचारला तर म्हणतो, तुम्हीच सांगा," आई घरात म्हणाली. "असला व्यापारी मी जन्मात पाहिला नाही." ती एकटीच हसली.

त्या बुधवारी मला तेल घालून झाल्यावर बाबा म्हणाले, "आजपासून खूण बंद. मी वाजवली तरी आधी विचारायचं."

"आणि तुम्ही काय सांगणार? वडील, राहणार हेच घर?"

"सविस्तर सांगेन. पण तू विचार."

गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला आई दोऱ्याची रिळं आणायला गेली होती. बाबा आतल्या खोलीत दुसऱ्या दिवशीच्या शर्टाला इस्त्री करत होते. तेवढ्यात बहीण वाजली. खण खण... खण.

खूण बरोबर होती. फक्त मधला श्वास अपुरा होता. माझ्या बहिणीचा आवाज मी ओळखते, मित्रांनो. तिच्यावरचा हात घरचा नव्हता.

टकळी उठली. आतून बाबा म्हणाले, "विचार गं आधी."

"आईच आहे," ती म्हणाली आणि तिची बोटं माझ्यावर आली.

मी अडायला हवं होतं. निदान कुरकुरायला हवं होतं. पण आदल्याच दिवशी मला तेल मिळालं होतं. मी आवाज न करता सुटले.

चौघे होते. सगळ्यांत पुढे केळीवाला. टकळी भिंतीला चिकटून उभी राहिली. बाबांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं आणि चपला घातल्या. जिन्यात खालून येणारी आई समोर आली. रिळं तिच्या हातातून पायऱ्यांवर घरंगळत गेली.

"दार कुणी उघडलं?" तिने विचारलं.

"मी," बाबा म्हणाले. "माझीच चूक."

त्यानंतर त्यांचा आवाज या जिन्यात आला नाही. आत इस्त्रीखाली शर्टाची बाही जळत होती.

दुसऱ्या दिवशी चौकीतून पाहणीला एक माणूस आला. त्याने माझ्यावर बोट फिरवलं, मला दोनदा लावून काढलं आणि कागदावर लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. 'कडी शाबूत. दार फोडल्याची खूण नाही. सबब सदर इसम स्वखुशीने घराबाहेर गेला.' घट्ट बसते म्हणून ज्या मला नावाजलं, तीच मी त्यांची साक्षीदार झाले. शाबूत असण्याची लाज वाटते, हे तुम्हाला कसं सांगू?

वही समितीपुढे गेली नाही. दवाखान्यात ती कुणाला सापडलीच नाही.

तेव्हापासून आई मला लावेना. "ते आले तर ताटकळायला नकोत," ती म्हणायची. टकळी मला लावायची, आई येऊन काढायची. तेलाची कुपी फळीवर तशीच राहिली. मला गंज चढला, मी कुरकुरायला लागले. अकरा वर्षं झाली. टकळीचं बोलणं आटलं. तिला या नावाने हाक मारणंही आईने सोडून दिलं. कधीकधी भांडी लावताना आई स्वतःशी म्हणायची, "आम्हाला एवढं शिकवलं, आणि स्वतः न विचारता उघडलं. शहाणा माणूस, आणि असं करावं?" ते ऐकून टकळी हातातलं भांडं घासतच राहायची.

आज सकाळी नव्या चौकशीसाठी एक बाई आल्या. जुनी प्रकरणं पुन्हा उघडली आहेत, त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्याजवळच्या खुर्चीवर बसून आपली कोरी वही मांडीवर घेतली.

"दार कसं उघडलं ते प्रत्यक्ष पाहणारं कुणी असेल तर कागद पुढे सरकेल," त्या म्हणाल्या. "नाहीतर 'स्वखुशी' तशीच राहील. पण नाव द्यावं लागेल. घेऊन जाणाऱ्यांतले दोघे अजून नोकरीत आहेत, ते मी लपवत नाही."

"पाहणारं कोण असणार?" आई म्हणाली. "मी जिन्यात होते. ही बिचारी आत अभ्यास करत होती. ह्यांनीच उघडलं दार."

मित्रांनो, गोष्टीच्या शेवटी काहीतरी मागायचं असतं. मी तेल मागत नाही. दाराला कडी जरूर असू द्या, आणि काढण्याआधी "कोण?" एवढं विचारा. पण जे डोळ्यांनी पाहिलं, त्याला कडी घालू नका. फार वर्षं लावून ठेवलेली कडी गंजते. मग ती काढायला दोन्ही हात लागतात, आणि हात सोलवटतात.

टकळी उठून दाराशी आली. बाहेर माझी बहीण गप्प होती, रस्त्यावर कुणाची तरी पावलं वाजून पुढे गेली. टकळीची बोटं माझ्यावर टेकली. ती ओली होती, आईची असायची तशीच.

"बाई, माझं नाव लिहा," ती म्हणाली.

"तुझं कशाला?" आई म्हणाली.

"कडी मी काढली, आई. बाबा म्हणाले होते, विचार. मी विचारलं नाही."